करंगळी

सूरमध्ये पहिल्याच आठवड्यात हमूदनं माझी करंगळी धरली.
हात नव्हे, नुसती करंगळी,
आपल्या करंगळीत अडकवून,
छत्रीची मूठ खुंटीला अडकवावी तशी,
आणि बोलत राहिला पंपाच्या गळतीबद्दल
खाऱ्या पाण्याच्या प्लांटपासून मासळीबाजारापर्यंत.

मी चाळिशीचा, भुसावळचा, दोन मुलांचा बाप.
माझ्या करंगळीला शाळेनंतर कुणी विचारलेलं नव्हतं.
तेव्हा ती वर केली की मास्तर मान हलवायचे
आणि अख्ख्या वर्गाला कळायचं मी कुठं चाललोय.
इथं काय कळत असेल लोकांना?
मी आजूबाजूला पाहिलं.
कुणीही पाहत नव्हतं.
दोन मच्छीमार, दाढ्या पिकलेले, तसेच चालले होते
करंगळीत करंगळी,
मोकळ्या हातात एकेक सुरमई, शेपटीला धरलेली.

घाम आला. सोडवून घ्यायची कशी?
खोकलो. खिसा चाचपला.
बुटाची नाडी बांधायला वाकलो,
पायात सँडल होत्या.
हमूद थांबला. मी उठल्यावर त्यानं पुन्हा धरली
करंगळी आणि वाक्य,
दोन्ही जिथं सोडली होती तिथून.

त्याच्या बैठकीत कहव्याचा पेला, अंगठ्याएवढा.
त्याचा धाकटा मुलगा भरत राहिला, मी पीत राहिलो.
सातव्या पेल्याला पोराला माझी दया आली,
डोळ्यांनीच शिकवलं त्यानं: हलव.

आणि तोच हमूद.
मी एकदा विचारलं, वहिनी कशा आहेत?
(इतकं बोट धरून हिंडल्यावर
विचारायला नको माणसानं?)
त्याचा चेहरा मिटला,
दुपारी दुकानाचं शटर उतरावं तसा, पण आवाज न करता.
थोड्या वेळानं म्हणाला, अहल बरे आहेत.
अहल म्हणजे घरचे. सगळे. एकगठ्ठा.

रात्री एसीच्या घरघरीत मला वडिलांचं अक्षर आठवलं,
मामाला लिहिलेलं कार्ड:
मंडळी सुखरूप पोचली.
मंडळी म्हणजे आई. एकटीच, पत्र्याची ट्रंक घेऊन.
एका बाईचं अनेकवचन करून
त्या गर्दीत तिला लपवायचे ते.
लीलावती हे नाव मी पहिल्यांदा वाचलं
रेशनकार्डावर.

माझी बायको आली त्या हिवाळ्यात
(नाव लिहीत नाही, इथली सवय लागली)
हमूद खजुरांची पाटी घेऊन आला.
घंटा वाजवली आणि दाराकडे पाठ करून उभा राहिला,
जणू रस्त्यालाच भेटायला आलाय.
ती आतून म्हणाली, रागावलाय का तो?
म्हटलं, नाही, तुला न पाहण्याचं काम करतोय.
ती हसली.
पाटी ओट्यावर ठेवून, खजूर निवडता निवडता, बऱ्याच वेळानं म्हणाली,
बरं वाटलं गं बाई.
गं बाई कुणाला म्हणाली कोण जाणे, घरात मीच होतो.

यंदा सुट्टीत ताईकडे चहा झाला.
मी रिकामा कप दोन बोटांत धरून हलवला
डावीकडे उजवीकडे.
काय रे, माशी पडली का? म्हणाली,
आणि भरला पुन्हा.

संध्याकाळी बाजारात धाकटा भाऊ, मुकुंदा, बरोबर.
केळीचा भाव कसा पडला ते सांगत होता,
सांगता सांगता जवळ आला होता,
आणि माझी करंगळी, मला न विचारता,
गेली त्याच्या करंगळीत.

त्यानं हात झटकला नाही.
वर नेला, डोकं खाजवलं. बराच वेळ.
मग खिसा चाचपला.
मग वाकला, नाडी बांधायला.

मी थांबलो.
चपला होत्या त्याच्या पायात.